न म्हटलेली झडती

पोळा जवळ आला की माझा घसा बसतो. बायको म्हणते, श्रावणातली दमट हवा. डॉक्टर म्हणतात, धूळ. मी दोघांनाही हो म्हणतो, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करतो आणि चार दिवस खाणाखुणांवर काढतो. घरात तेवढीच शांतता, असं घरातल्यांचं मत आहे. एरवी मी फार बोलतो. लग्नात, बारशात, तेराव्याच्या जेवणावळीतसुद्धा लोक माझ्याभोवती खुर्च्या ओढून बसतात, कारण मी माझ्याच फजितीचे किस्से सांगतो आणि ते संपत नाहीत. फजित्यांच्या बाबतीत मी जन्मतःच सधन आहे.

यंदा पोरगी पुण्याहून पोळ्याला आली. सण तिला फक्त पुरणपोळीपुरता ठाऊक आहे. ओट्यावर बसून ती फोनमध्ये काहीतरी बघत होती आणि मान डोलवत होती. मला म्हणाली, "बाबा, हे बघा तरी."

बघितलं. एक पोरगेला माणूस, अंगात ढगळ सदरा, गळ्यात साखळी. साखळी अशी, की तिनं गावाकडचा बैल सहज बांधला गेला असता. इकडून तिकडे येरझाऱ्या घालत तो तालात काहीतरी बोलत होता आणि भोवतीची गर्दी प्रत्येक ओळीला हुंकार देत होती.

"हा गातोय का भांडतोय?" मी विचारलं.

"दोन्ही. समोर दुसरा रॅपर उभा आहे, त्याच्याशी सामना आहे. पण गंमत बघा ना, हा आधी स्वतःलाच धुतो. माझी शाळा सुटली, माझ्या बुटाला भोक आहे, माझी पोरगी मला सोडून गेली. समोरचा जे जे बोलला असता ते सगळं हाच सांगून टाकतो. मग समोरच्याच्या हातात उरतं काय? बाबा, ही त्याची फिलॉसॉफी आहे. कॉलेजातली सगळी पोरं मानतात त्याला."

"बरं. आणि स्वतःला धुऊन झाल्यावर तो पुढं काय म्हणतो?"

"पुढं?" तिनं फोनकडे पाहिलं. "पुढचं नाही यात. एवढाच तुकडा सगळीकडे फिरतोय."

मी हसलो, आणि हसता हसता घसा बसला. बायकोनं आतून विचारलं, मीठ टाकू का पाण्यात. टाक म्हणालो. पोरीला काय सांगणार? की तुझ्या त्या साखळीवाल्याची फिलॉसॉफी मी कोवळ्या वयात शिकलो आहे, आणि मीही तेवढाच तुकडा शिकलो.

आमच्याकडचा पोळा ज्यांनी पाहिला नाही त्यांना झडती म्हणजे काय ते सांगायला हवं. गावाच्या आखरावर, म्हणजे गुरं गोळा होतात त्या मोकळ्या जागेत, दोन खांबांना आंब्याच्या पानांचं तोरण बांधतात. त्याच्यासमोर गावातल्या सगळ्या जोड्या ओळीनं उभ्या राहतात. शिंगं रंगवलेली, पाठीवर झूल, कपाळावर बेगडाचं चमचमतं बाशिंग. मानाची जोडी तोरणाखालून जाते, तोरण तुटतं, पोळा फुटतो आणि सगळे बैल गावात शिरतात. पण त्याआधी तासभर झडत्या चालतात. एकजण पुढं होतो आणि दोन-चार ओळींचं यमक जुळवून ओरडतो. कुणाची टर, कुणाला चिमटा, कुणाची जिरवाजिरवी. गाव हसतं, महादेवाच्या नावाचा गजर करतं, मग दुसरा पुढं होतो. वर्षभर जे तोंडावर बोलता येत नाही ते त्या तासाभरात बोलता येतं आणि राग धरायचा नाही असा दंडक असतो. लोक राग धरतात, पण दुसऱ्या दिवसापासून.

आमचे मोठेबाबा, म्हणजे माझ्या वडलांचे थोरले भाऊ, हे झडतीतलं नाव होतं. रिठदपासून शेलूबाजारपर्यंत त्यांना ओळखत. बाजाराच्या दिवशी कुणीतरी अडवायचं, "मोठेबाबा, होऊन जाऊ द्या एखांदी." मोठेबाबा पिशवी खाली ठेवायचे, स्वतःच्या पायांकडे बघायचे आणि सुरू करायचे. स्वतःच्या पायांकडे का, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. तेव्हा वाटायचं, वहाण तुटली असेल.

त्यांचा एक नियम होता. पहिला दगड आपल्या घरावर. कुणालाही चिमटा काढण्याआधी ते स्वतःची धिंड काढत. त्यांची एक झडती अजून आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे:

"नांगर माहा वाकडा, तास गेलं बांधावर,
बायको म्हणे, धन्यापरीस बैल बरा कामावर."

यावर गाव खदखदा हसायचं. मोठीमाय पदर तोंडाला लावायची. त्यांचं तास, म्हणजे नांगराची रेघ, खरंच वाकडं जात असे, त्यात कवित्व काही नव्हतं. आणि गाव हसत असतानाच, हसू अजून ओठांवर असतानाच, ते पुढच्या दोन ओळी सोडायचे:

"माह्या तासाले हसले लोक, हसाचंच होतं,
पाटलाच्या सरळ तासात माहं वावर जातं."

हसू मध्येच अडायचं. कारण पाटलाचा नांगर दरवर्षी धुरा, म्हणजे शेजारच्या वावराचा बांध, थोडा थोडा कोरत आपल्याकडे ओढतो हे सगळ्यांना माहीत होतं, आणि सगळे आत्ताच तोंड उघडून बसलेले असत. उघडं तोंड पटकन मिटता येत नाही. पाटीलही हसलेले असत, त्यामुळे त्यांनाही रागावता यायचं नाही. मला तेव्हा ही सगळी हसवायची युक्ती वाटायची.

मी सांगतो आहे तो पोळा सत्तरच्या दशकातला. दुष्काळ सरून तीनेक वर्षं झाली होती. वाशिम तेव्हा जिल्हा नव्हता, आम्ही अकोल्याचे. सोयाबीनचं नावही कुणी ऐकलं नव्हतं. आता श्रावणअखेर गावाकडे गेलं की नजर जाईल तिथवर एकच एक बुटकं हिरवं दिसतं. तेव्हा त्याच हिरव्यात दहा हिरवे असत. संकरित ज्वारी पोटऱ्यात आलेली, कपाशीला पाती, तुरीच्या ओळी पोरींच्या वेण्यांसारख्या, आणि मुगाच्या काळ्या पडलेल्या शेंगा. शेंगा तोडून बोटांना एक तुरट वास लागायचा, तो भाकरीलाही यायचा. पावसानं उघडीप दिली की आखरावरच्या चिखलाची साय व्हायची आणि त्यावर गुरांच्या खुरांचे ठसे उमटायचे. पोळ्याच्या आधल्या दिवशी बैलांचे खांदे हळद-लोण्यानं शेकायचे आणि त्यांच्या कानात सांगायचं, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. त्या वर्षी मी एकोणीस वर्षांचा होतो, मॅट्रिकला दोनदा आपटलो होतो आणि आमच्या गोठ्यातल्या बैलांखेरीज मला कुणी आवतण देत नव्हतं.

उत्तम माझ्याच वर्गातला. पहिल्या फटक्यात पास होऊन वाशिमला कॉलेजात गेला होता. मी नापास झाल्यावरही सुट्टीत माझ्याकडे यायचा, हा त्याचा मोठेपणा, आणि माझं इंग्रजी घ्यायला यायचा हा त्याचा आशावाद. त्याचं घर नाल्यापलीकडच्या वस्तीत. त्या वस्तीनं बाबासाहेबांच्या मागं जाऊन धम्म घेतला त्याला वीस वर्षं होत आली होती. मेलेली गुरं ओढणं बंद झालं होतं, हलगी बंद झाली होती. गावाच्या वागण्यात काय बंद झालं होतं ते सांगणं अवघड आहे.

त्याचे वडील तुळशीराम. पाटलाकडे पंधरा-सोळा वर्षं सालदार होते, म्हणजे वर्षाच्या बोलीवरचे गडी. आमच्या घरी त्यांना सगळे तुळशा म्हणत. मीही म्हणायचो. एवढंसं पोरगं ओट्यावर उभं राहून बापाच्या वयाच्या माणसाला 'तुळशा' अशी हाक मारतंय, यात कुणालाच काही वाटत नसे. नववीत असताना उत्तम एकदा सायकल थांबवून मला म्हणाला होता, "माह्या बापाले नावानं हाक मारत नोको जाऊ." तेवढंच. पुन्हा सायकल मारायला लागला. तेव्हापासून मी त्यांना काका म्हणू लागलो. म्हणजे उत्तम समोर असला की.

तर त्या वर्षी तुळशीरामकाकांची स्वतःची जोडी झाली. सरकारकडून तीन एकर बरड जमीन मिळाली होती. एक गोऱ्हा त्यांनी घरीच वाढवला होता, दुसरा बाजारातून आणला. एक पांढरा, एक लाखी, म्हणजे तांबूस. पांढऱ्याचं नाव त्यांनी ठेवलं मास्तर आणि लाखीचं तलाठी. वावरातून त्यांचा आवाज यायचा, "सरळ चाल रे तलाठ्या, लय खाऊन राह्यला आजकाल." रस्त्यानं जाणारा माणूस थांबून हसायचा. खरा तलाठी एकदा सायकलवरून जाताना ते ऐकून पडला म्हणतात. कुणी विचारलं, तुळशीराम, नाव असं काहून ठेवलं, तर ते शांतपणे म्हणायचे, "जल्मात पह्यल्यांदा तलाठी माहं आयकते."

श्रावणातल्या एका दुपारी ते आमच्या गोठ्यापाशी आले. मोठेबाबा दावं वळत बसले होते. काका उभेच राहिले, बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

"मोठेबाबा, एक बोलाचं होतं. यंदा जोडी आणीन म्हणतो तोरणाले."

उत्तम त्यांच्यासोबत होता. तो पटकन म्हणाला, "मी बाबाले नाही म्हणून राह्यलो. आपल्याले पोळा कायले पाह्यजे? सण त्याहिचा हाय."

"सण त्याहिचा असन," काका म्हणाले, "बैल तं माहे हायेत ना?"

मोठेबाबांनी दावं खाली ठेवलं. आमच्या गावात एक रीत होती. नवी जोडी पहिल्यांदा ओळीत यायची असेल तर ती झडतीनं बोलवायची. झडतीवाला धन्याचं नाव घेऊन जोडी आत घेतो, आणि एकदा का नाव उच्चारलं की त्या जोडीला परत फिरवणं म्हणजे गावाला वाईट. पाटलालाही ते करता येत नसे. नाव न घेता कुणी आपला आपण ओळीत शिरला तर मात्र त्याला कुणीही हुसकावू शकत होतं. म्हणजे किल्ली झडतीवाल्याच्या जिभेवर होती.

पण नेमकी तीच जीभ त्या वर्षी अडली होती. उन्हाळ्यापासून मोठेबाबांचा आवाज जात चालला होता. अकोल्याच्या दवाखान्यात नेलं, तिथल्या डॉक्टरांनी वडलांना बाजूला घेऊन काय सांगितलं ते आम्हाला नंतर कळलं. जन्मभर तंबाखू आणि जन्मभर ओरडणं. श्रावणात त्यांच्या गळ्यातून वाळलेल्या पानावरून पाऊल गेल्यासारखा आवाज यायचा, तोही जवळ कान नेला तर.

त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "हा म्हणन."

उत्तमनं माझ्याकडे पाहिलं. इंग्रजी शिकवताना पाहायचा तसंच, आशेनं.

पुढचे आठ दिवस मोठेबाबा आणि मी गोठ्यात बसायचो. ते माझ्या कानाला तोंड लावून ओळ सांगायचे, मी ती मोठ्यानं म्हणायची. झडती नवी होती, त्यांनी फक्त याच्यासाठी जुळवलेली. चार ओळी. पहिल्या दोन त्यांच्या स्वतःवर. मी म्हणालो, "म्हणणार मी, तं पह्यल्या दोन ओळी माह्यावर पाह्यजे." त्यांना ते पटलं. ते म्हणाले, "बरं, तुह्यावरच्या तू जुळव. पण दोनच. मंग माह्या चारी म्हण. थांबू नोको." माझ्यावरच्या ओळी जुळवायला मला कष्ट पडले नाहीत. साहित्य मुबलक होतं.

माझ्या मायला मी सगळं सांगून ठेवलं होतं. पोळा फुटल्यावर जोड्या दारोदार जातात, घरची बाई बैलांच्या पायांवर पाणी घालते, पोळीचा घास देते. मी विचारलं, "माय, तुळशीरामकाकाची जोडी आली तं?" माय पुरण वाटत होती. बराच वेळ वाटत राहिली. मग म्हणाली, "आली तं आली. बैलाचे पाय धुवाले काय होते?" तिच्या दृष्टीनं ती फार मोठी उडी होती. मला तेव्हा तीही अपुरीच वाटली. दुसऱ्याच्या उड्यांची मापं मी तेव्हापासून नीट काढतो.

पोळ्याच्या दिवशी सकाळी पाटील मला देवळापाशी भेटले. माणूस गोड. माझ्या पाठीवर हात ठेवला. "आज तू म्हणणार म्हणते? चांगलं हाय. पण तुह्या मोठ्याबासारखे चिमटे नोको गड्या. सणाचा दिवस हाय, हसव नुसतं." मग जाता जाता, "शाळेत चपराश्याची जागा निंघून राह्यली. तुह्या बुवाले म्हणा, भेट एकखेप." बुवा म्हणजे माझे वडील.

एवढंच. त्यात धमकी शोधायला गेलं तर सापडत नाही.

दुपारी आभाळ उघडलं. आखरावर सगळं गाव. झुलींचे रंग, घुंगरांचा झणत्कार, ओल्या मातीचा आणि शेणाचा आणि नव्या दोरांचा वास. ओळीच्या शेवटी, तोरणापासून जरा लांब, कडुनिंबाखाली तुळशीरामकाका उभे होते. अंगात धुतलेला सदरा, डोक्याला पांढरं पागोटं. मास्तरची शिंगं निळी रंगवली होती. तलाठ्याचीही निळीच. दोघांच्या गळ्यात घरी केलेले लोकरीचे गोंडे. काकांनी एका हातात दोन्ही कासरे धरले होते आणि दुसऱ्या हातानं ते मास्तरच्या गळ्याखालची लोंबती पोळी खाजवत होते. उत्तम आला होता. थोडा मागं, हाताची घडी घालून.

दोघातिघांच्या झडत्या झाल्या. मग कुणीतरी ओरडलं, "मोठ्याबाचा पुतण्या!" मोठेबाबा पुढं बसले होते, गळ्याला रुमाल. त्यांनी मान हलवली. मी पुढं झालो. स्वतःच्या पायांकडे पाहिलं. पायांना चिखल लागला होता, तो बराच वेळ पाहिला.

"पेपर आला इंग्रजीचा, घाम आला दरदरून,
नाव तेवढं लिहून आलो, तेही आलो चुकवून."

गाव हसलं. असं हसलं की मला पोटात ऊब वाटली. दोन वर्षं जे लोक माझ्याकडे बघून जीभ चुकचुकत होते ते हसत होते, आणि या वेळी दोरी माझ्या हातात होती. आता पुढच्या चार. ओठांवर होत्या. मी कडुनिंबाकडे पाहिलं. मग पाटलांकडे नजर गेली. ते मनापासून हसत होते, मान हलवून, अजून एक, अशी बोटानं खूण करत होते. आणि मी, का कुणास ठाऊक, आणखी एक माझ्यावरचीच म्हटली.

"मास्तर म्हणे, घरी जाय, बुवा म्हणे, कुठी ठेवू?
बैल म्हणे, येऊ दे ना, दोघं मिळून कडबा खाऊ."

आता तर माणसं पोट धरून वाकली. मी तिसरी म्हटली, माझ्या नाकावर. चौथी, माझ्या सायकलवर. त्या तर जुळवलेल्याही नव्हत्या, तिथंच सुचत होत्या, घामासारख्या सुटत होत्या. मोठेबाबांनी एकदा हात वर केला. मी तो पाहिला. पाहून पाचवी म्हटली. मी स्वतःवर इतका धोंडा मारला, इतका मारला, की दुसरं काही करायला मला वेळच उरला नाही. कोणीतरी हलगीसारखा डबा बडवायला लागलं, गजर झाला, कुणीतरी ओरडलं की आभाळ भरून येतंय, चला, आणि पाटलांची जोडी पुढं सरकली. तोरण तुटलं. पोळा फुटला.

बैलांच्या गर्दीत मी कडुनिंबाकडे बघायचं टाळलं आणि तरी पाहिलं. तुळशीरामकाका अजून उभे होते. गडबड ओसरेपर्यंत उभे राहिले. मग त्यांनी मास्तर-तलाठ्याला वळवलं आणि आखराला वळसा घालून, नाल्याच्या अंगानं, घरी नेलं. निळी शिंगं ज्वारीच्या वर थोडा वेळ दिसत राहिली. उत्तमनं जाताना माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

घरी आलो तर माय दारात उभी. हातात पाण्याचा तांब्या, दुसऱ्या हातात पोळीची थाळी. आमच्या ओळखीच्या सगळ्या जोड्या होऊन गेल्या होत्या. तिनं विचारलं, "तुळशीरामची राह्यली ना?" मी वहाणा काढून आत सरकलो. ती आणखी थोडा वेळ रस्त्याकडे बघत राहिली. मग तिनं तांब्या दारासमोरच्या मातीत रिकामा केला आणि आत गेली.

मोठेबाबा गोठ्यात होते. मी जाऊन बसलो. वाटलं, मारतील. मारलं असतं तर फिटलं असतं. त्यांनी माझा कान जवळ ओढला, आणि त्या वाळक्या पानाच्या आवाजात म्हणाले, "सोताले हसणं म्हंजे दार हाय रे. दार उघडाचं अन् आत जाचं. तू तं दारातच पथारी टाकली."

त्यानंतर ते माझ्याशी त्या विषयावर बोलले नाहीत. दिवाळीनंतर कुणाशीच बोलले नाहीत. संक्रांतीच्या आधी गेले.

चपराश्याची जागा पाटलांच्या साडूच्या पोराला मिळाली. म्हणजे मी विकला गेलो, आणि तेही फुकटात. पुढं रडतखडत पास झालो, तालुक्याला कारकून झालो, गाव सुटलं. पण ती एक कला मात्र मी कसून वाढवली. हपिसात साहेबानं एका शिपायाला विनाकारण फाडून खाल्लं, तेव्हा मी माझ्या गबाळेपणावर विनोद केला आणि वातावरण हलकं झालं. नात्यातल्या एका पोरीला सासरी छळतात हे सगळ्यांना ठाऊक होतं. तिच्या दिराच्या लग्नात मी माझ्या टकलावरून अख्खा मांडव हसवला. ती पोरगीही हसली. लोक म्हणतात, किती मोकळा माणूस, स्वतःवर हसतो. मला तेव्हा निळी शिंगं दिसतात. माझ्या हसवण्यानं कुणाचं भलं झालं असेल तर ते ज्यांना हसताना बरं वाटत होतं त्यांचंच.

आणि मोठेबाबांचं ते पायांकडे बघणं. मला वाटतं, ते स्वतःला आधी खाली उतरवत होते, म्हणजे पुढं जे बोलायचं ते उंचावरून बोललं जाऊ नये. मी चिखलात आहे, हे मान्य. आता तुझ्या पायाचं बोलू. स्वतःवरचे दोन शब्द ही त्यांची कवचकुंडलं नव्हती. उलट ते अंगातलं चिलखत काढून ठेवायचे. मी तेच उचललं आणि अंगात घातलं. इतकी वर्षं घालून आहे. पोरीच्या फोनमधल्या त्या साखळीवाल्यानं पुढं काय म्हटलं असेल कोण जाणे. काही म्हटलं असेल अशी आशा करू. म्हटलं नसेल, तर साखळी जड आहे, त्याला एवढंच सांगेन.

पोरीनं हे सगळं माझ्याकडून काढून घेतलं. तुकड्या तुकड्यानं, पोळ्या लाटता लाटता. मध्ये मध्ये मी विनोद करत होतो. ती हसत नव्हती. शेवटी म्हणाली, "मग ती झडती काय होती? त्या चार ओळी?"

"विसरलो."

"खोटं बोलताय."

"तुला काय माहीत?"

"सांगता सांगता तुमचा घसा मोकळा झालाय. आता तेवढंच अडलंय."

उत्तम अकोल्याला असतो, बँकेतून निवृत्त झाला. आम्ही बोलतो. वर्षा-दोन वर्षांतून एखाद्या लग्नात भेटतो, मी किस्से सांगतो, तो ऐकतो. त्या पोळ्याचा विषय त्यानं कधी काढला नाही. मी तर नाहीच. तुळशीरामकाका जाऊन बारा-तेरा वर्षं झाली. मास्तर आणि तलाठी केव्हाच गेले. काकांनी पुन्हा कधी जोडी तोरणाला आणली नाही. घरीच शिंगं रंगवायचे, घरीच जेवू घालायचे, हे मी ऐकून होतो.

पोळ्याच्या दुपारी मी फोन लावला. पोरगी दारात उभी होती, पीठ लागलेल्या हातांनी.

"बोल गा," उत्तम म्हणाला. "पोळी खाल्ली काय?"

"खाल्ली. तुह्या इंग्रजीच्या कृपेनं अजून डब्यावरचं नाव वाचता येत नाही, म्हणून तुपाच्या जागी..."

"हसवू नोको," तो म्हणाला. आवाज सौम्य होता. "पोळ्याच्या दिवशी कधी फोन करत नाही तू. काय असन ते बोल."

मी खाली पाहिलं. पायात प्लास्टिकच्या सपाता, डाव्या अंगठ्याचं नख काळं पडलेलं. आणि एकोणिसाव्या वर्षी गोठ्यात पाठ केलेल्या ओळी, एक अक्षर न हलता, बाहेर आल्या.

"चाळीस पोळे बोललो मी, गळ्याची झाली माती,
एक गोठ गिळत आलो, तीच अडली होती.
वावर तुमचे वाह्यले ज्यानं, पेरलं ज्यानं धान,
तुळशीरामची जोडी भायेर, मंग कोणाले हा मान?"

मी पुन्हा काहीतरी विनोदी बोलणार होतो, खरंच बोलणार होतो, जिभेवर आलंही होतं. गिळलं.

"मोठ्याबाची हाय," उत्तम शेवटी म्हणाला.

"हो."

"तुले पाठ होती. त्या दिवशीबी."

"हो."

मग तो म्हणाला, "त्या दिवशी बाबा घरी आले. बैल बांधले. मी तुले शिव्या देऊन राह्यलो होतो. बाबा म्हणे, थांब रे, त्या पोराची झडती संपली नसन अजून. म्हणे, आपण लवकर तं नाही ना निंघालो?"